अम्ब्रेला कंपनीचा पगार: टॅक्स क्रेडिट आणि युनिव्हर्सल क्रेडिट

ब्रिटनमध्ये अम्ब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे एजन्सीच्या कामगारांना आपले कर्मचारी म्हणून पगार देणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत, पगार घेणाऱ्याच्या हाती कराराचा दर आणि ढोबळ वेतन असे दोन आकडे येतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. एजन्सीने ४० तासांचे, ताशी २० पौंडांप्रमाणे, ८०० पौंड कंपनीला दिले, तरी त्यातून मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी), अप्रेंटिसशिप लेव्ही (मालकांवरचा प्रशिक्षण-कर) आणि कंपनीचे शुल्क वजा झाल्यावर उरते तेच कामगाराचे ढोबळ वेतन. पूर्ण ८०० पौंड हे त्याचे उत्पन्न नव्हेच.

५ एप्रिल २०२५ रोजी बंद झालेल्या टॅक्स क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत, वर्षभराचे करपात्र वेतन, म्हणजे पी-६० या वार्षिक वेतन-कर दाखल्यावरचा आकडा, धरला जाई. तिथे कराराचा दर लिहिणारा स्वतःचेच नुकसान करून घेई. त्या मदतीच्या जागी आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये पगाराची माहिती कंपनीच करखात्याला पाठवते, आणि कर, नॅशनल इन्शुरन्स व पेन्शनची वर्गणी वजा जाऊन उरणारी रक्कम दरमहा मोजली जाते. आकडा चुकण्याची धास्ती त्यामुळे कमी झाली खरी, पण आठवड्याला पगार घेणाऱ्याच्या खात्यात एखाद्या महिन्यात चाराऐवजी पाच पगार पडतात आणि त्या महिन्याची मदत घटते; वार्षिक हिशेबात हा चढउतार जाणवतच नसे.