रिटर्न आणि रिफंडचं पॅनल: हिमरू विकणाऱ्याचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरात आमचं हिमरू शाली-स्टोलचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विक्री सुरू केली, आता उन्हाळा लागलाय. विक्रीबद्दल सगळेच लिहितात, मी परत येणाऱ्या मालाबद्दल लिहितो.

पॅनल म्हणजे त्या बाजाराच्या साइटवरचं विक्रेत्याचं पान. त्यावर परतीचे दोन कप्पे आहेत. आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन), म्हणजे गिऱ्हाईकाने पार्सल घेतलंच नाही. आणि कस्टमर रिटर्न, म्हणजे उघडून, अंगावर घेऊन परत पाठवलं. आमचे आरटीओ बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरीचे. सील तसंच असतं, माल पुन्हा विकता येतो. खरं दुखणं दुसऱ्या कप्प्यात आहे.

तिथे कारणांची ठरलेली यादी आहे, पण तिच्याखाली गिऱ्हाईक स्वतः जे लिहितं ते वाचाच. आमच्याकडे सारखं यायचं, ‘प्युअर सिल्क नाही’. अहो, हिमरू सूत आणि रेशीम मिळूनच विणतात! मग ते वर्णनाच्या पहिल्याच ओळीत घेतलं आणि मागच्या बाजूचे सुटे धागे दिसतील असा फोटो टाकला. ती तक्रार जवळपास बंद झाली. मला या पॅनलचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

क्लेमचं, म्हणजे परतीत नुकसान झालं तर बाजाराकडे भरपाई मागण्याचं, मात्र कठीण आहे. एका परतीच्या पाकिटात शालीऐवजी जुना पंचा निघाला. परत आलेलं प्रत्येक पार्सल आम्ही मोबाईलसमोरच उघडतो: आधी लेबलवरचा नंबर, मग चारही बाजूंनी टेप, मग कात्री, मध्ये कुठेही न थांबता. तरी ‘पुरावा अपुरा’ म्हणून क्लेम फेटाळला. तोच व्हिडिओ पुन्हा टाकला, तर मंजूर! आधी काय कमी पडलं, ते कुणी सांगितलं नाही. घरात एकटाच माग चालवणारा विणकर एवढा पाठपुरावा कुठून करणार? हे मला मनापासून खटकतं.

सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्येच आहे आणि ते योग्यच आहे. रिफंड झाला की जीएसटीची क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद, त्याच महिन्यात काढा. कायद्याने विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत (वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोवरच) मुदत मिळते, पण तोवर कुठला रिटर्न कुठल्या बिलाचा, हे जुळवताना डोकं फिरतं.

शाली-स्टोलसाठी मी हे पॅनल वापरत राहणार. पैठणी मात्र तिथे चढवलेली नाही. ती व्हिडिओ कॉलवर दोन्ही बाजूंनी दाखवतो आणि पैसे आले की पाठवतो.