कांद्याची हिशोबपट्टी, मराठी घर्किन आणि नन्जक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगायचा तर असा: क्युकंबरमध्ये, म्हणजे साध्या वाक्यांतून सॉफ्टवेअरच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनात, मराठीत लिहिलेली परिदृश्यं (चाचणीचे प्रसंग) हिशोबाच्या नियमांपुरती सोन्यासारखी आहेत आणि स्क्रीनवरच्या बाकी सगळ्या बारीकसारीक गोष्टींसाठी निव्वळ ओझं. पानांचे साचे भरून देणारं नन्जक्स काम चोख करतं, पण त्याच्या डीफॉल्ट सेटिंग चुका झाकून ठेवतात. दोन्ही एकत्र वापरताना जे अडलं, ते बहुतेक ठिकाणी देवनागरीमुळे अडलं. कागदपत्रांत त्याबद्दल फारसं सापडत नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहिलं आहे.

ॲप नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांसाठी आहे. लिलावात भाव फुटतो, ट्रॉली काट्यावर जाते, हमाली-तोलाई वजा होते आणि पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात पडते. मागे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि त्यावरचं एक्सप्रेस, पानं नन्जक्सने सर्व्हरवरच तयार होतात, चाचण्यांना क्युकंबर-जेएस आणि ब्राउझर चालवायला प्लेराइट. पान सर्व्हरवर बनवण्याचं कारण साधं आहे. लासलगाव किंवा पिंपळगावच्या आवारात ऐन लिलावाच्या गर्दीत मोबाइलवर पान उघडायचं असतं. तिथे जावास्क्रिप्टचं मोठं गाठोडं पाठवण्यात अर्थ नाही.

घर्किनला, म्हणजे क्युकंबरची वाक्यं ज्या ठरावीक रचनेत लिहितात तिला, मराठी येते हे अनेकांना माहीत नसतं. फीचर फाइलच्या (परिदृश्यं लिहिलेल्या फाइलच्या) पहिल्या ओळीत हॅश, मग लँग्वेज हा शब्द, कोलन आणि एम-आर ही दोन रोमन अक्षरं लिहिली की झालं. सगळा प्रकल्पच मराठीत असेल तर हीच गोष्ट कॉन्फिगमध्ये एकदाच सांगता येते. त्यानंतर हे चालतं:

सुविधा: हिशोबपट्टी

  परिदृश्य: उन्हाळ कांद्याची एक ट्रॉली
    दिलेल्या प्रमाणे उन्हाळ कांद्याचा भाव १८५० रुपये क्विंटल फुटला आहे
    जेव्हा काट्यावर २३ क्विंटल ४० किलो भरतात
    मग पट्टीवर ढोबळ रक्कम ४३,२९० रुपये दिसते

'परिदृश्य' हा शब्द आडतीवर कोणी उच्चारत नाही आणि 'दिलेल्या प्रमाणे' कानाला खटकतं. त्याऐवजी 'जर' चालतं, पण 'जर' आलं की वाचणारा 'तर' शोधत बसतो. सर्वात बरा उपाय म्हणजे पूर्वस्थितीच्या ओळींना नुसती फुली, म्हणजे तारांकन, द्यायची. घर्किनला ती कुठल्याही स्टेपसाठी, म्हणजे परिदृश्यातल्या ओळीसाठी, चालते. 'मग'ऐवजी 'तेव्हा' लिहिता येतं, आणि 'जेव्हा–तेव्हा' ही जोडी मराठीत आपोआप वाचली जाते. स्टेप तिच्यामागच्या कोडशी जुळवताना क्युकंबर हा पहिला शब्द बघतच नाही, त्यामुळे तो नंतर बदलला तरी कोडला हात लावावा लागत नाही.

आता पहिली ठेच. वरच्या ओळीतले १८५० हे आकडे क्युकंबरच्या इंट या पॅरामीटरमध्ये (स्टेपमधल्या पूर्णांकाच्या जागेत) बसत नाहीत. आत जी रेजेक्स, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना, आहे ती जावास्क्रिप्टचा 'अंक' शोधते, आणि जावास्क्रिप्टच्या दृष्टीने अंक म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. स्टेप 'अनडिफाइन्ड' (व्याख्या नसलेली) म्हणून येते आणि माणूस स्टेपचं वाक्य तपासत बसतो, जे अगदी बरोबर असतं. पायथनकडून आलेल्यांचा इथे जास्त गोंधळ होतो, कारण पायथन देवनागरी अंक बिनतक्रार वाचतो. उपाय म्हणजे स्वतःचा पॅरामीटर टाइप. त्याला 'आकडा' असं मराठी नाव देता येतं, रेजेक्समध्ये ० ते ९ आणि स्वल्पविराम घ्यायचे, रूपांतरात स्वल्पविराम काढायचे आणि प्रत्येक देवनागरी अंकाच्या कोडमधून २४०६ वजा करायचे, कारण युनिकोडमध्ये देवनागरी शून्याची जागा तीच आहे. इंग्रजी आकडेही त्याच टाइपमध्ये स्वीकारा. मुनीम घाईत दोन्ही लिहितात. रेजेक्स हाताने लिहीत असाल तर शब्दाची सीमा ओळखणारं चिन्हही देवनागरीत चालत नाही, हे तिथल्या तिथे लक्षात ठेवावं.

दुसरी ठेच याहून वाईट, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्याने' आणि 'व्यापाऱ्याने' हे शब्द जवळपास प्रत्येक परिदृश्यात येतात. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: कुठे ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत, तर कुठे साधा र, हलंत आणि मध्ये शून्य-रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. कोणाच्या कीबोर्डमधून काय निघतं ते ज्याच्या त्याच्या सेटिंगवर आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, क्युकंबरसाठी दोन वेगळे शब्द. 'ॲडव्हान्स'मधल्या ॲचंही तेच: एकच अक्षर किंवा अ आणि वर चंद्र. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत) केलं की सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. एनएफसी या जोड्या एकत्र आणत नाही. त्यामुळे स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहून, कमिट होण्याआधी फीचर फाइल्स, स्टेप फाइल्स आणि टेम्प्लेट (पानांचे साचे) या तिन्हींत एकच रूप ठेवावं लागतं. डेटाबेसमध्ये जाणाऱ्या नावांवरही तीच स्क्रिप्ट लावली, तर 'शोधलं पण सापडलं नाही' या तक्रारींतल्या बऱ्याच आपोआप मिटतात.

व्याकरणाचा भाग मात्र अपेक्षेपेक्षा सोपा निघाला. भाव दिसला, रक्कम दिसली, नाव दिसलं. लिंगानुसार क्रियापद बदलतं आणि इंग्रजी उदाहरणांत असते तशी एकच सार्वत्रिक स्टेप पुरत नाही. क्युकंबर एक्स्प्रेशनमध्ये (स्टेपचं वाक्य जुळवायच्या नमुन्यात) तिरक्या रेघेने पर्याय देता येतात, म्हणून 'दिसला/दिसली/दिसलं' असं एकदा लिहिलं की तिन्ही जुळतात. प्रत्यय पॅरामीटरला चिकटून लिहिले तरी चालतात. पण हीच रेघ उलटूनही डसते. 'रुपये/क्विंटल' असं सहज लिहिलं, तर क्युकंबर ते 'रुपये किंवा क्विंटल' असं वाचतं. कंसाचंही तसंच: 'हमाली (प्रति गोणी)' लिहिलं तर कंसातला मजकूर ऐच्छिक ठरतो. दोन्हींच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी, नाहीतर सरळ वाक्य बदलावं. वाक्य बदलणं जास्त बरं. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या ओळींत वळणदार अवतरणचिन्हं येतात, ती स्ट्रिंग पॅरामीटरला चालत नाहीत. त्याला सरळ अवतरणंच लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण क्युकंबरचा एचटीएमएल अहवाल मुनीमजींना वाचता येतो. याचा खरा उपयोग एकाच प्रकारच्या चुकांत झाला, पण तो मोठा आहे. कल्पित आकडे घेऊन सांगायचं तर हमाली २३४.५६ आणि तोलाई ८७.५२ अशी वजावट असेल, तर प्रत्येक रक्कम आधी पूर्ण रुपयात करून बेरीज ३२३ येते आणि बेरीज करून मग पूर्ण केली तर ३२२. कोडमध्ये दोन्ही पद्धती तितक्याच नीटनेटक्या दिसतात. कोणती बरोबर हे फक्त गादीवर बसणाऱ्याला माहीत असतं, आणि परिदृश्याच्या उदाहरणांच्या तक्त्यात ती ओळ दिसली की तो क्षणात बोट ठेवतो. हिशोब मात्र आत पूर्णांकातच ठेवा, वजन किलोत आणि पैसे पैशांत. दशांशाच्या फ्लोटवर रुपयाचा हिशोब करणं म्हणजे तराजूवर हात ठेवून तोलणं.

टेम्प्लेटकडे वळू. नन्जक्स ही जिंजाच्या, म्हणजे पायथनमधल्या टेम्प्लेट भाषेच्या, वळणाची जावास्क्रिप्ट टेम्प्लेट भाषा. एक्स्टेंड्स (दुसऱ्या साच्यावर बांधणं), ब्लॉक (साच्यातला बदलता भाग), मॅक्रो (पुन्हा वापरायचा तुकडा), इन्क्लूड हे सगळं तसंच. मूळ पान, त्यावर छपाईचं पान, त्यावर पट्टी अशी तीन पायऱ्यांची रचना पुरते; चौथी पायरी आली की कुठला ब्लॉक कुठून येतो हे शोधण्यात वेळ जातो. एक्स्टेंड्स केलेल्या फाइलमध्ये ब्लॉकच्या बाहेर लिहिलेला मजकूर गुपचूप गायब होतो, एरर येत नाही.

पहिल्या दिवशी बदलायची सेटिंग म्हणजे थ्रो-ऑन-अनडिफाइन्ड (न दिलेल्या किमतीवर एरर देणं). ती मुळात बंद असते, म्हणून व्हेरिएबलच्या नावात चूक झाली की त्या जागी रिकामी जागा छापली जाते. ब्लॉगच्या पानावर हे चालून जाईल; पट्टीवर तोलाईचा रकाना कोरा गेला तर भांडण होतं. सेटिंग चालू केल्यावर नल (मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या) किमतीवरही एरर येते, तेव्हा जिथे किंमत खरोखर नसू शकते तिथे डीफॉल्ट फिल्टर लावावा. इथे एक खाच आहे: 'हमाली किंवा डॅश' असं ऑर वापरून लिहिलं तर शून्य हमालीच्या जागीही डॅश येतो. डीफॉल्ट फिल्टरला तिसरं आर्ग्युमेंट दिलं नाही तर तो फक्त अनडिफाइन्ड पकडतो आणि शून्य शून्यच राहतं. नलसाठी मात्र किंमत टेम्प्लेटपर्यंत येण्याआधीच निस्तरावी.

मॅक्रो दुसऱ्या फाइलमधून इम्पोर्ट केले की त्यांना पानाचा संदर्भ दिसत नाही. भाषा, व्यापाऱ्याचं नाव वगैरे आर्ग्युमेंट म्हणून द्यावं लागतं किंवा 'विथ कॉन्टेक्स्ट' लिहावं लागतं. आर्ग्युमेंट देणंच चांगलं, कारण मग तो मॅक्रो ब्राउझरशिवाय एकट्याने तपासता येतो. ऑटोएस्केप (मजकुरातली एचटीएमएल चिन्हं आपोआप निष्प्रभ करणं) चालूच राहू द्या. नन्जक्सची आवृत्ती ३.२.४ किंवा त्यापुढचीच घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांत उलट्या तिरक्या रेघेने ऑटोएस्केप चुकवता येण्याची फट होती, ती २०२३ मध्ये बुजवली गेली.

चाचणी आणि टेम्प्लेट यांची गाठ जिथे पडते, ती जागा म्हणजे लेबल. 'काट्यावरचं वजन' हे शब्द टेम्प्लेटमध्ये एकदा आणि स्टेपमध्ये दुसऱ्यांदा लिहिले, की कधीतरी एक बदलतो आणि दुसरा राहतो. त्यामुळे सगळी लेबलं एका जेसन फाइलमध्ये ठेवली आणि प्रत्येक रकाना एकाच मॅक्रोतून काढला. तोच मॅक्रो लेबल, इनपुट आणि डेटा-टेस्टआयडी (चाचणीसाठीची खूण) हे तिन्ही बनवतो. स्टेपमध्ये सीएसएसचा क्लास कुठेच येत नाही. पानाची मांडणी दोनदा पूर्ण बदलली तरी परिदृश्यांची एक ओळही हलली नाही, याचं श्रेय क्युकंबरला नाही, या मॅक्रोला आहे.

आकडे छापायला जावास्क्रिप्टचं इंटल नंबरफॉरमॅट आणि एमआर-आयएन (भारतातली मराठी) लोकेल वापरलं की १२,३४,५६७ असे लाखाच्या गटात देवनागरी आकडे आपोआप येतात. नोड १३ पासून सगळ्या भाषांचा डेटा नोडसोबतच येतो. पण अल्पाइन लिनक्सच्या स्वतःच्या पॅकेजमधला नोड घेतला तर तिथे मुळात फक्त इंग्रजीचा डेटा असतो. आयसीयू-डेटा-फुल हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. चाचण्या लॅपटॉपवर हिरव्या (पास) आणि सर्व्हरवर लाल (नापास), असं दिसलं तर आधी हेच तपासा.

वेळमर्यादेचा घोळ असा. क्युकंबर-जेएसमध्ये एका स्टेपला ५ सेकंद मिळतात. प्लेराइटच्या एक्स्पेक्टलाही (तपासणीलाही) ५ सेकंदच असतात. दोघांची शर्यत लागते, क्युकंबर जिंकतं आणि 'वेळ संपली' एवढंच सांगतं. कोणता घटक सापडला नाही हा प्लेराइटचा कामाचा निरोप कधी दिसतच नाही. क्युकंबरची मर्यादा १५ सेकंद आणि प्लेराइटची ४ ठेवली की प्रश्न मिटतो. स्टेप लिहिताना ॲरो फंक्शन वापरू नका, त्यात धिस मिळत नाही आणि वर्ल्डमधलं (परिदृश्यातल्या सगळ्या स्टेपच्या सामायिक ऑब्जेक्टमधलं) पान हाती येत नाही.

समांतर चालवताना चाचण्या वाटून घेणारे वर्कर वेगवेगळे असतात, डेटाबेस मात्र एकच. पट्टी क्रमांक एकमेकांवर आदळतात. क्युकंबर प्रत्येक वर्करला त्याचा क्रमांक एन्व्हायर्नमेंटमधून देतं. त्यावरून वेगळा स्कीमा (डेटाबेसमधला स्वतंत्र कप्पा) काढावा. तारखेचंही बघा: सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्या रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात त्याच्यासाठी अजून कालचाच दिवस असतो आणि 'आजचा लिलाव' सापडत नाही.

छपाईची एक चूक कोणत्याही परिदृश्याने पकडली नाही. डॉकरमधल्या (सर्व्हरवरच्या बंदिस्त डब्यातल्या) क्रोमियम ब्राउझरला देवनागरी फॉन्ट नसेल तर पीडीएफमध्ये नुसते चौकोन येतात, आणि चाचणी हिरवी राहते, कारण पानाच्या आत मजकूर बरोबरच असतो. डेबियनवर फॉन्ट्स-लोहित-देवा टाकलं की अक्षरं येतात. तरी पीडीएफचं एक चित्र ठरावीक नमुन्याशी ताडून बघणारी चाचणी ठेवलेली बरी.

सुरुवातीला लॉगिन, मेनू, पासवर्ड विसरणं असं सगळंच घर्किनमध्ये लिहिलं होतं. ते काढून टाकलं. ती परिदृश्यं कोणी वाचत नव्हतं, आणि जे कोणी वाचत नाही त्यासाठी वाक्य आणि कोड असा दुहेरी संसार करणं परवडत नाही. तिथे आता प्लेराइटच्या साध्या चाचण्या आहेत. मॅक्रोंसाठी ब्राउझरही नाही. नन्जक्सने पान रेंडर करून चिरिओने (एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने) तपासतो, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर होतं. हिशोबाची परिदृश्यंसुद्धा बहुतेक थेट फंक्शनवर चालतात. '@ब्राउझर' हा टॅग लावलेली मोजकीच पान उघडतात. टॅगही देवनागरीत चालतो, हे जाता जाता.

अजून एक कटकट शिल्लक आहे. स्टेपचं वाक्य बदललं की जुनी व्याख्या कोडमध्ये तशीच पडून राहते. त्यासाठी युसेज हा क्युकंबरचा अहवाल-प्रकार ड्राय-रनसोबत (स्टेप न चालवता नुसती जुळणी करून) चालवावा. कुठेच न वापरलेल्या स्टेप तो 'अनयूज्ड' म्हणून दाखवतो. लाल कांद्याचा हंगाम संपून उन्हाळ कांदा सुरू होतो, तेव्हा नियमांची वाक्यं बदलतातच. त्याच आठवड्यात ही झाडलोट उरकून घेतलेली सोयीची पडते.