आईचं विसरणं: आधी कागद-पेन्सिल की थेट रक्ततपासणी?

गॅसवर दूध ठेवून आई राजवाड्याकडे निघून गेली, तेही महिन्यात दोनदा. तेव्हापासून इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात एकच वाद: अल्झायमरची शंका आहे, तर आधी साधी चाचणी करायची, की 'आता रक्तातच कळतं' म्हणतात ते करून मोकळं व्हायचं? ज्यांच्या घरी हाच पेच आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

कागदावरच्या चाचण्यांत एमएमएसई (१९७५) आणि मोका (२००५) या नेहमीच्या. दोन्ही ३० गुणांच्या, दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या. मोकात घड्याळ काढायचं, पाच शब्द थोड्या वेळानं आठवायचे, १०० मधून सात-सात वजा करत जायचं. सुरुवातीची घसरण मोका जास्त चांगली पकडते, म्हणून मी तीच घेईन. पण मराठीत.

आईची पहिली चाचणी हिंदीत झाली. भाजीवाल्याशी ती तासभर हिंदीत बोलेल, हिशेब मात्र अजून मराठीत करते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी मनात म्हणून तिरानवे, छियासी सांगताना अडखळली. महिना विचारला, तर म्हणाली आषाढ. ते चूक धरलं, कारण हिंदी पंचांगाचा सावन लागून आठ दिवस झाले होते. आपला श्रावण अमावास्येनंतर, हे इंदुरातल्या कुठल्याही मराठी घराला ठाऊक आहे. असे दोन-तीन गुण उगाच गेले, आणि ३० मध्ये तेवढ्यानं निदान इकडचं तिकडे होतं. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर मोकात एक गुण वाढवून देतात. तो दिला का, हेही विचारा.

रक्ततपासणीला भाषा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. पी-टाऊ २१७ नावाच्या प्रथिनाचं प्रमाण पाहून मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं दुसरं प्रथिन) साचलंय का याचा अंदाज बांधतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा पहिल्या तपासणीला परवानगी दिली, ती ५५ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या आणि लक्षणं दिसू लागलेल्यांसाठी. त्या अभ्यासात पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या सुमारे ९२ जणांत अमायलॉइड खरंच सापडलं. निगेटिव्ह आलेल्यांत सुमारे ९७ जणांत नव्हतं. मात्र काहींचा निकाल अधांतरीच राहतो, आणि मूत्रपिंडं कमजोर असली तर आकडा फुगतो. शिवाय आईला रोजचं काय जमतं, काय नाही, हे रक्त सांगत नाही.

मलाही स्वतःची तपासणी करावीशी वाटली होती. नाही केली. अमायलॉइड लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साचतं, आणि ते असलेल्या सगळ्यांनाच पुढे विस्मरण होतं असं नाही. लक्षणं नसताना ही तपासणी करू नये, असं तज्ज्ञही सांगतात.

अमायलॉइड दाखवणारा मेंदूचा पेट स्कॅन आणि तपासणीसाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढणं या पुढच्या पायऱ्या. लेकॅनेमॅबसारख्या, अमायलॉइड कमी करणाऱ्या औषधाचा विचार असेल तरच तिकडे वळा. संशोधनात नाव नोंदवायचं असेल, तर तो प्रयोग भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत आहे का पाहा, आणि रक्ताचा निकाल आपल्याला सांगणार की नाही, हे सही करण्याआधी विचारा.

या सगळ्याआधी बी-१२, थायरॉइड, कान आणि मन तपासून घ्या, विसरणं त्यांच्यामुळेही असू शकतं. आईचं बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा मोका, या वेळी मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांकडे. तोवर दूध मी तापवते.