नोबेल पारितोषिकाच्या संकेतस्थळावरील मेचनिकॉफ विभाग : एक अभिप्राय

रक्तातील पांढऱ्या पेशी आणि दाह (इजा किंवा संसर्ग झालेल्या जागी येणारी सूज व लाली) यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या इल्या मेचनिकॉफ यांना 1908 मध्ये पॉल एर्लिख यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे तेव्हाचे संपूर्ण व्याख्यान या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते, ही मला अनमोल सेवा वाटते. तेथील चरित्र आटोपशीर आहे. खरे धन व्याख्यानातच आहे.

1882 मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. दाह हा केवळ अपाय नसून शरीराने केलेला प्रतिकार आहे, हा विचार येथूनच फुलला. पुढे पाणपिसू या पाण्यातील चिमुकल्या जीवाच्या अंगात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंना त्याच्याच पेशी गिळत असल्याचे त्यांनी पाहिले, तेव्हा या विचाराला भक्कम आधार मिळाला. 1888 पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे 1916 पर्यंत, काम केले.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील ‘भक्षकपेशी’ (जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी) हा शब्द वाचण्याआधी हे व्याख्यान वाचावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. त्याचा मराठी अनुवाद कोणीतरी जरूर करावा.