पोफळीच्या सावलीत पिंपळी : वर्षभर वापरल्यानंतर

गुहागरला आमच्या आगरात विहिरीकडच्या बाजूला पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, इतक्या दाट आहेत की तिथे लॉन जगत नाही. पावसात झावळ्यांवरून पडणारं पाणी माती उखडतं आणि मुळं उघडी पडतात. अशा जागी माती झाकायला बरेच जण सिंगापूर डेझी लावतात. तिची पिवळी फुलं गोड दिसतात, पण ती मूळची अमेरिकेतली. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओहोळाच्या, काठाला पोचली की दुसरं काही टिकू देत नाही. मी आपल्या सह्याद्रीच्या रानातलीच पिंपळी लावली, जमिनीवर पसरणारा औषधी वेल, आणि याचं मला फार समाधान आहे.

मृगाचा पाऊस पडल्यावर तीन-चार पेरांचे तुकडे मातीत खोचले. आधी काही हालचालच दिसत नाही, धीर धरावा लागतो. श्रावणात वेल सरकू लागला, पेरापेराला मुळं धरत गेला आणि दिवाळीला माती दिसेनाशी झाली. जमिनीलगतची पानं विड्याच्या पानासारखी, लांब देठाची. कणसं (फुला-फळांचे तुरे) धरणाऱ्या उभ्या फांदीवरची मात्र लांबट, बिनदेठाची, खोडाला बिलगलेली. एकाच वेलाची आहेत हे सांगून खरं वाटत नाही.

पाणी तुंबलं त्या कोपऱ्यात वेल कुजला. चर काढल्यावर थांबलं. आषाढात पानांवर काळे डाग पडले, तेव्हा सुपारीची फळं कुजवणाऱ्या कोळे रोगासाठी केलेलं १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) इथेही मारलं. नवी पानं स्वच्छ आली. उन्हाळ्यात शिंपणं चुकलं की पानं लगेच माना टाकतात, पण पाणी मिळालं तर वैशाखातही हिरवीगार.

नर आणि मादी वेल वेगळे असतात. त्रिकटू या आयुर्वेदिक चूर्णात सुंठ-मिऱ्याबरोबर जाते ती मादीची आखूड, जाड कणसं. नराची लांब आणि बारीक. त्यामुळे कणीस धरलेला वेल डोळ्यांनी बघूनच तुकडे घ्या. कणसं काळपट हिरवी झाली की तोडून वाळवायची. घरापुरती मिळाली, विकण्याइतकी नाही.

खरी अडचण सुपारी वेचताना येते. पडलेलं फळ पानांत गडप होतं, आणि त्या दाटीत विंचू-सापाची भीती असते म्हणून काठी फिरवल्याशिवाय हात घालत नाही. आता पोफळीच्या बुंध्याभोवती हातभर जागा आणि पाखाडीची (दगडी पायवाटेची) कड मोकळी ठेवतो. महिन्यातून एकदा कोयतीने कापावं लागतं. मुलं खेळतात तिथे लावू नका, पायाखाली ती टिकत नाही. ओली सावली आणि बारमाही पाणी असेल, तर जरूर लावा.