सावळ्या हातावर रंगीत टॅटू: गड्ड्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

"डार्क स्किनवर कलर बसत नाही मॅडम, ब्लॅकच करा" हे मला सोलापुरातही ऐकवलं आणि पुण्यातही, आणि सावळ्या रंगाच्या सगळ्याच पोरापोरींना हेच ऐकवतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कलर बसतो. माझ्या हातावर डाळिंबाची फांदी आहे, कोपरापासून मनगटाकडं उतरलेली, केशरी-लाल फुलं, एक उकललेलं डाळिंब आणि गडद हिरवी पानं. जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा) संपल्या संपल्या काढून घेतली, मधे अख्खा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता दिवाळी तोंडावर आलीय आणि फुलं अजून लांबून ओळखू येतात.

आधी हे समजून घ्या की इंक वरच्या कातडीत राहत नाही, खालच्या थरात बसते, आणि आपला सावळा रंग ज्यामुळं असतो ते मेलॅनिन तिच्या वरच्या थरात असतं. म्हणजे टॅटू कायम आपल्या रंगाच्या आडून दिसणार, औषधाच्या तपकिरी बाटलीतून आतलं दिसतं तसा. त्यामुळं गडद लाल, गडद केशरी, राणी कलर, बाटली हिरवा, गडद निळा हे टिकून दिसतात आणि फिकट गुलाबी, लव्हेंडर, लिंबू पिवळा, पांढरा हे बरं झाल्यावर जवळजवळ विरून जातात. यात आर्टिस्टचा हात वाईट असायची गरज नाही, पण ज्याला हे माहीत नाही तो फिकट रंग दिसावा म्हणून परत परत त्याच जागी सुई फिरवतो, आणि सावळ्या कातडीला तेच सगळ्यात महागात पडतं. जखम खोल गेली की डाग काळा पडतो, काहींना कीलॉइड म्हणजे फुगीर व्रण येतो, आणि तो सावळ्या लोकांत जास्त येतो. कान टोचलेल्या जागी गाठ आली असेल किंवा दंडावरचा बीसीजीचा व्रण फुगून मोठा झाला असेल तर टॅटूच्या आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, हे मी हात जोडून सांगते.

मी शेवटी ज्याच्याकडं केलं त्यानं पहिल्या भेटीत टॅटू केलाच नाही. दंडाच्या आतल्या बाजूला चार-पाच रंगांचे बारीक ठिपके दिले आणि म्हणाला, पूर्ण बरं होऊ दे मग ये. ते बरे झाल्यावर पिवळा मोहरीसारखा मातकट झालेला, पांढरा तर शोधावा लागत होता, केशरी आणि हिरवा मात्र दणकट. त्यावरून डिझाईन बदललं, फुलातले पिवळे केसर काढून तिथं नुसती कातडी मोकळी सोडली. आता तीच मोकळी जागा उजेडासारखी दिसते, पांढऱ्या इंकनं जे झालं नसतं ते आपल्याच रंगानं झालं. मला या टॅटूतलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर ही जागा.

फोटोंचं पण बघा. इन्स्टावर असतात ते बहुतेक करून ताजे, सुई ठेवल्या ठेवल्या काढलेले आणि वर ब्राइटनेस वाढवलेले. आपल्यासारख्या रंगावरचे, काही महिने झालेले फोटो मागा, नसतील तर तिथनं उठा.

आता हीलिंग. पहिले काही दिवस वर पारदर्शक फिल्म होती, ती काढल्यावर बिनवासाचा साबण आणि पाणी. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, साठवलेलं असतं, म्हणून मी उकळून गार केलेलं पाणी वेगळं ठेवायची. बिनवासाचं लोशन अगदी पातळ, चोपडायचं नाही. आई हळद लाव म्हणत होती, मावशी खोबरेल तेल, दोन्ही लावलं नाही. नंतर पापुद्रे निघतात, सावळ्या हातावर ते राखेसारखे पांढरट दिसतात, त्यातच हिरवे-लाल कण असतात आणि वाटतं सगळा रंगच निघून चाललाय. नाही निघत. खालची कातडी काही आठवडे दुधाळ, मिणमिणती दिसते आणि मग हळूहळू रंग वर येतो, त्यामुळं दोन महिन्यांच्या आत टॅटूला चांगला-वाईट काहीच म्हणू नका.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. "लाल झालं तर डॉक्टरकडं जा" असं सगळीकडं लिहिलेलं असतं, खरं आपल्या कातडीवर लाली लालीसारखी दिसत नाही, जांभळट किंवा नुसती जास्त काळी दिसते. म्हणून हात लावून बघा: गरम लागतंय का, सूज वाढतीय का, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय का, पू आहे का. असं काही असेल किंवा ताप आला तर थांबायचं नाही, डॉक्टरकडं जायचं.

रंगपंचमीला मी घरातच बसले, मैत्रिणी चिडल्या तरी. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर, तेव्हा स्कूटीवर पूर्ण बाही आणि बरं झाल्यानंतर सनस्क्रीन, कारण उन्हानं इंकही फिकी होते आणि वरची कातडी अजून काळवंडते, म्हणजे दोन्हीकडनं नुकसान. एका पानाच्या कडेला तपकिरी सावली आली होती, ती पावसाळ्यात आपोआप विरली. लाल फुलं मधे एकदा खाजून उठली तेव्हा मात्र घाबरून डॉक्टरकडं गेले. त्या म्हणाल्या ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल इंकची होते आणि काही महिन्यांनीसुद्धा होऊ शकते, माझं सुदैवानं मलमानं बसलं.

काढून टाकू नंतर, असा विचार करून तर रंगीत अजिबात करू नका. सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित लेझर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तो काळ्या इंकवर चालतो, हिरव्या-निळ्यावर फारसा नाही, आणि त्या रंगांवर चालणारे लेझर आपलं मेलॅनिनच भाजतात. रक्तदान करणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत.

आज्जीच्या हातावर गोंदण आहे, हिरवट काळं, कडा पसरलेल्या. तिनं माझा हात धरून खिडकीपाशी नेला, फुलावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "आमच्या येळंला रंग असता तर म्या बी हेच काढलं असतं बघ."

थंडी पडली की टच-अपला जाणार आहे, दोन कळ्यांचा केशरी जरा उतरलाय तेवढाच गडद करायचा. पानांना हात लावू द्यायचा नाही, ती जशी आहेत तशीच पाहिजेत.