वेल्डिंगसाठी ट्रान्सफॉर्मर घ्यावं की इन्व्हर्टर? मशीनच्या आधी घरातला बोर्ड बघा

"मिस्त्री, मशीन तर आणलं, पण रॉड टेकवला की एमसीबी पडतो." गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक शेतकरी ही तक्रार घेऊन आमच्या वर्कशॉपला आले. मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून आणलेलं २०० अँपियरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. लावून पाहिलं, मशीन ठणठणीत. मग त्यांच्या घरी जाऊन बोर्ड उघडला. १६ अँपियरचं सॉकेट, मागे दीड स्क्वेअर एमएमची वायर, आणि अर्थिंगच्या भोकातून वायरमनने न्यूट्रललाच एक तुकडा मारून दिलेला. तो तुकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला. कुठे न्यूट्रल तुटला असता, तर मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट आले असते.

म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि इन्व्हर्टर यांची तुलना मी किमतीपासून किंवा वजनापासून सुरू करत नाही. कोणतं मशीन चांगलं, हे तुमची लाईन काय पेलते आणि काम कुठे उभं राहून करायचं आहे, यावर ठरतं.

आत काय चालतं

जुन्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये, मग ते तेलाने थंड होणारं असो वा हवेने, लोखंडी गाभा असतो आणि त्यावर तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची वाइंडिंग. वीज ५० हर्ट्झनेच येते आणि ५० हर्ट्झनेच बाहेर पडते, त्यामुळे गाभा मोठा लागतो आणि मशीन हलवायला दोन माणसं. इन्व्हर्टर आलेल्या एसीचा आधी डीसी करतो, मग आयजीबीटी नावाचे स्विच तो डीसी सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करतात. फ्रिक्वेन्सी एवढी वाढली की मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शेवटी पुन्हा डीसी करून तो रॉड धरायच्या होल्डरला दिला जातो. (हे आयजीबीटी प्रत्यक्षात आणण्यात मद्रास आयआयटीत शिकलेल्या बी. जयंत बालिगा यांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडच्या वेल्डरला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.)

लाईन किती ओढतं

२.५ एमएमचा, म्हणजे बाजारात बारा नंबरचा रॉड घ्या. त्याला ८०-९० अँपियर लागतात. ९० अँपियरला आर्कचा, म्हणजे रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीचा, व्होल्टेज साधारण २३-२४, म्हणजे आर्कमध्ये जेमतेम २.१ किलोवॅट जातात.

इन्व्हर्टर यासाठी २३० व्होल्टवर साधारण १५-१६ अँपियर घेतो. ट्रान्सफॉर्मरचा हिशोब वेगळा आहे. त्याचा रिकामा, म्हणजे रॉड टेकलेला नसतानाचा, व्होल्टेज ८० धरला तर ९० अँपियरला ८० गुणिले ९०, म्हणजे ७२०० व्होल्ट-अँपियर लाईनवर येतात. सिंगल फेजवर ते ३१ अँपियर झाले. जोड तोच, रॉड तोच, पण ओढ दुप्पट. गल्लीतले दिवे मंद होतात ते यामुळे, आणि अशी मशीन बहुतेक वेळा दोन फेजवर, ४१५ व्होल्टला जोडतात तेही यामुळेच.

पण यावरून "इन्व्हर्टर घरच्या सॉकेटवर चालतो" हे दुकानदाराचं वाक्य पूर्ण खरं मानू नका. बारा नंबरच्या रॉडपर्यंत ते खरं आहे, तेही सॉकेट चांगलं असेल आणि मागची वायर ४ स्क्वेअर एमएमची असेल तर. ३.१५ म्हणजे दहा नंबरचा रॉड १३० अँपियरवर लावलात, की २४-२५ अँपियर लागतात. पूर्ण २०० अँपियरला ४० च्या आसपास. तिथे ३२ अँपियरचं औद्योगिक सॉकेट आणि वेगळी लाईन हवी, आणि पूर्ण २०० वर सतत काम असेल तर तेही अपुरं पडेल. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतो, तेव्हा तोच आर्क धरून ठेवायला इन्व्हर्टर आणखी जास्त करंट घेतो. गुंडाळलेलं एक्स्टेन्शन अशा वेळी आतल्या आत तापून वितळतं. पूर्ण उलगडूनच वापरा.

जनरेटरवर चालवायचं असेल तर बारा नंबरच्या रॉडला किमान ५ केव्हीएचा धरा. व्होल्टेज वरखाली करणाऱ्या जनरेटरवर ट्रान्सफॉर्मर तग धरतो, इन्व्हर्टरचं आतलं सर्किट कार्ड मात्र जातं. आणि आकडा टाकून तर दोन्हीपैकी काहीच चालवू नका. तो गुन्हा आहेच, शिवाय तिथे ना एमसीबी, ना अर्थिंग. पोटापाण्याचा धंदा म्हणून वेल्डिंग करणार असाल तर घरगुती मीटरवर करू नका, महावितरणकडून योग्य प्रकारचं कनेक्शन आणि पुरेसा लोड मंजूर करून घ्या.

'अर्थिंग' या एका शब्दाने होणारा घोळ

आमच्या धंद्यात जॉबला, म्हणजे वेल्डिंग करायच्या लोखंडाला, लावायच्या चिमट्यालाही 'अर्थिंग' म्हणतात. "अर्थिंग लाव" म्हटलं की पोरगं चिमटा उचलतं. त्यामुळे चिमटा लावला म्हणजे मशीन अर्थ झालं, असा समज शिकाऊ पोरांपासून जुन्या वेल्डरपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिमटा म्हणजे वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत न्यायची वाट. खरं अर्थिंग म्हणजे मशीनच्या पत्र्यापासून तीन पिनांच्या टॉपमधून जमिनीतल्या इलेक्ट्रोडपर्यंत गेलेली हिरवी वायर. आत फेजची वायर सोलून पत्र्याला टेकली, तर तुमचा जीव वाचवते ती हिरवी वायर. चिमट्याचा तिथे काही उपयोग नाही.

उलट, चिमट्याची केबल तुटलेली असेल किंवा गंजलेल्या जागी लावलेली असेल, तर वेल्डिंगचा करंट दुसरी वाट शोधतो. जॉबवर ग्राइंडर ठेवला असेल तर त्याच्या अर्थच्या वायरमधून शंभर अँपियर जाऊन ती वायर जळते. ट्रॉलीला वेल्डिंग करताना चिमटा दुसऱ्या टोकाला लावला, तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. म्हणून चिमटा जोडाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. ट्रॅक्टरवर काम असेल तर बॅटरीची वायर आधी काढा.

इथे दोन्ही मशीनमध्ये एक फरक दिसतो. इन्व्हर्टरच्या आत लाईन आणि बॉडीच्या मध्ये बहुधा छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. पुष्कळ जण म्हणतात, "डीसी मशीनला एवढं होतंच." होत नाही! तुमच्या बोर्डात अर्थिंग नाही, हे मशीन तुम्हाला सांगतंय. काम थांबवा आणि वायरमनला बोलावून अर्थ टेस्टरने तपासून घ्या.

३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच, मी दोन्ही मशीनच्या लाईनला बसवायलाच सांगतो. पण त्याच्या भरवशावर होल्डर ओल्या हाताने धरू नका. आरसीसीबी मशीनपर्यंतच्या बाजूवर लक्ष ठेवतो. होल्डरची बाजू आतून ट्रान्सफॉर्मरने वेगळी झालेली असते. तिथे बसलेला झटका त्याला कळतच नाही.

ओल्या जागेत कोण सुरक्षित

इन्व्हर्टरचं पारडं मला इथे स्पष्ट जड वाटतं. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर जो व्होल्टेज असतो तो दोन्हीत ६० ते ८० च्या घरात. पण ट्रान्सफॉर्मरचा तो एसी असतो, आणि तेवढ्याच व्होल्टेजला एसी हृदयासाठी डीसीपेक्षा जास्त घातक. आयईसी ६०९७४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ओल्या, अडचणीच्या जागेसाठी एसीला ४८ व्होल्टची मर्यादा आहे, डीसीला ११३ ची. म्हणजे ८० व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर पाण्याच्या टाकीत उतरून वापरायचा नाही. घामाने भिजलेला शर्ट, चारी बाजूंनी लोखंड, आणि रॉड बदलताना उघडा हात. एवढं एकत्र आलं की माणूस जातो.

अशा कामासाठी व्हीआरडी असलेला इन्व्हर्टर घ्या. आर्क बंद असताना तो होल्डरचा व्होल्टेज ३५ च्या खाली उतरवतो. पाटीवर चौकटीत 'एस' हे अक्षर असेल तर मशीन अशा धोक्याच्या जागेसाठी तपासलेलं आहे. तरीही पायाखाली कोरडी फळी, हातात कोरडे चामडी मोजे आणि टाकीबाहेर मेन स्विचजवळ एक माणूस हवाच.

याचा अर्थ इन्व्हर्टर पावसात चालतो असा नाही. पाटीवरचं आयपी २१ म्हणजे बोट आत जाणार नाही आणि सरळ खाली पडणारे थेंब चालतील, इतकंच. शेडबाहेर झिमझिम सुरू झाली की मशीन आत.

पाटी वाचायला शिका

खोक्यावर मोठ्या अक्षरात '२००' छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका, मागची पाटी बघा. 'एक्स' च्या ओळीत टक्के असतात. २०० अँपियरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती, तेही ४० अंश तापमान धरून. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली याहून जास्त असतं, विदर्भात तर विचारूच नका. तेव्हा आकडा मनातल्या मनात कमी करा. पाटीवर २०० पुढे २०-२५ टक्केच लिहिले असतील किंवा ओळच नसेल, तर ते मशीन १३०-१४० चंच समजून घ्या. पिवळा दिवा लागून मशीन थांबलं तर मेन बंद करू नका. पंखा फिरू द्या, तोच आतली उष्णता बाहेर काढतो.

तेलाचा ट्रान्सफॉर्मर इथे खरंच दणकट. दिवसभर आठ नंबरचा, म्हणजे आणखी जाड रॉड ओढायचा असेल, उसाच्या ट्रॉलीच्या चासीसारखं जाड काम असेल आणि थ्री फेज लाईन असेल, तर आजही मी त्याला नाही म्हणणार नाही. बिघडला तर तालुक्याच्या गावी वाइंडिंग करणारा भेटतो. इन्व्हर्टरचं कार्ड गेलं की बऱ्याचदा ते सगळंच बदलावं लागतं.

आणि कार्ड जातं ते बहुतेक धुळीने. इन्व्हर्टरचा पंखा शेजारच्या ग्राइंडरचा लोखंडी चुरा आत ओढून घेतो, तो कार्डावर बसतो आणि एक दिवस फाडकन आवाज येतो. ग्राइंडिंगच्या जागेपासून मशीन लांब, जमिनीपासून वीतभर उंच आणि मागे-पुढे हातभर जागा मोकळी, अशी मांडणी करा. महिन्यातून एकदा कोरड्या हवेने फुंकून काढा. झाकण स्वतः उघडणार असाल तर टॉप काढून किमान पाच-दहा मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त डीसी साठलेला असतो. ट्रान्सफॉर्मर बंद केला की बंद, इन्व्हर्टर मात्र तसा नाही.

आर्क

१६ गेजच्या पाइपच्या खिडक्या, ग्रिल, रॅक अशा कामात इन्व्हर्टर हाताला फार हलका लागतो. आर्क स्थिर, रॉड चिकटला तर करंट आपोआप पडतो, भोक पडत नाही. ७०१८ जातीचा रॉड होल्डर प्लसला लावून सुंदर चालतो, साध्या एसी ट्रान्सफॉर्मरवर तो धरून ठेवणं अवघड. ६०१३ दोन्हीवर चालतो. डीसीचा एकच त्रास, कोपऱ्यात आर्क चुंबकीय ओढीने एका बाजूला पळतो. चिमट्याची जागा बदला, बहुतेक वेळा सुटतं.

डोळे, धूर आणि आग यांत दोन्ही मशीन सारखीच. दहा-अकरा नंबरची काच, सुती पूर्ण बाह्या, गॅल्व्हनाइज्ड पाइपचा जस्ताचा थर आधी घासून काढणं, आणि डिझेलच्या रिकाम्या पिंपाला कधीही रॉड न लावणं. 'रिकामं आहे' म्हणून लावलेल्या पिंपातच वाफ भरलेली असते. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्रास काही तासांनी, रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

मग काय घ्यावं

घरची शेती, अवजारांची किरकोळ दुरुस्ती, सिंगल फेज: इन्व्हर्टरच, आणि बारा नंबरच्या रॉडवर समाधान मानायचं. ग्रिल-खिडक्यांचं दुकान: इन्व्हर्टर, पण ३२ अँपियरच्या वेगळ्या लाईनवर. टाकीत किंवा ओल्यात उतरायचं काम कधीही येणार असेल तर व्हीआरडीशिवाय घेऊ नका, मग दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. जाड पत्रा, दिवसभराचं काम, थ्री फेज: ट्रान्सफॉर्मर, किंवा ऐपत असेल तर थ्री फेजचा इन्व्हर्टर.

त्या शेतकऱ्यांनी मशीन बदललं नाही. मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची नवी वायर ओढली, आरसीसीबी बसवला, न्यूट्रलचा तो तुकडा काढून टाकला आणि अंगणात खड्डा घेऊन अर्थिंगची प्लेट पुरली. त्या खड्ड्यात त्यांच्या आई उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पाणी ओततात.